हात आधी, चित्र मग

बालवाडीत रंग बहुतेक वेळा उरलेल्या वेळेसाठी येतात. डबे खाऊन झाले, सुटायला अजून पंधरा मिनिटे आहेत, बाईंना हजेरी पुरी करायची आहे. मग झेरॉक्स काढलेली फुलपाखरे वाटली जातात आणि तेलखडूंचा डबा मधोमध ठेवला जातो. घरीही फार वेगळे घडत नाही. पाहुणे बसलेत, गॅसवर कुकर आहे, ‘जा, चित्र रंगव जा’. रंगवणे म्हणजे मुलाला गुंतवून ठेवणे ही समजूत इतकी मुरली आहे, की या विषयावर आख्खे पुस्तक कशाला, असे कोणी विचारले तर त्याला दोष देता येणार नाही.

तरी त्या पंधरा मिनिटांत मुलाचा हात जे काम करतो, तसे काम दिवसभरात त्याला फारसे मिळत नाही. दाब किती द्यायचा, कुठे थांबायचे, खडू कसा वळवायचा, दुसऱ्या हाताने कागद कसा धरून ठेवायचा, डोळ्यांनी पाहिलेली हद्द बोटांपर्यंत कशी पोचवायची, हे सगळे ते एकाच वेळी शिकत असते. शर्टाचे बटण लावणे, चपलेचा पट्टा ओढणे, वरणभात कालवून घास उचलणे, कात्री चालवणे आणि पुढे अक्षर काढणे, यांना लागणारे बारीक स्नायू हेच. मोठी माणसे मात्र त्या वेळी कागदाकडे पाहत असतात. रंग रेघेबाहेर गेला का, झाडाचे पान लाल का केले, कोपरा पांढरा का राहिला. हातात काय चालले आहे ते कोणी पाहत नाही. हे पुस्तक तिथे पाहायला शिकवते, आणि प्रस्तावना लिहायला मी चटकन होकार दिला तो त्यामुळेच.

आधी या हाताची ओळख करून घेऊ. दीड वर्षाच्या मुलाच्या हातात खडू दिला तर ते तो मुठीत धरते. मनगट ताठ असते, कोपर हवेत असते, आणि रेघ येते ती खांद्यातून. म्हणून ती लांब आणि झोकदार असते, कागद संपला तरी फरशीवर पुढे जाते. दोन-तीन वर्षांचे झाल्यावर तर्जनी खडूच्या टोकाकडे सरकते, तळवा जमिनीकडे वळतो आणि हालचाल कोपरातून होऊ लागते. साडेतीन-चारच्या सुमारास अंगठा आणि दोन बोटे खडू धरतात, पण तेव्हाही पंजा एकसंध हलतो, बोटे स्थिरच राहतात. पाच-सहाच्या आसपास कधीतरी ती तीन बोटे स्वतः हलायला लागतात. करंगळी आणि अनामिका आत मिटून कागदावर टेकतात आणि हाताला आधार देतात. मोठ्या माणसाची लिहिती पकड ती हीच. खांद्याकडून बोटांकडे असा हा प्रवास असतो, आणि तो घाई केल्याने लवकर होत नाही. अमेरिकेतल्या श्नेक आणि हेंडरसन या दोन ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी 1990 साली तीन ते सात वयाच्या निरोगी मुलांच्या पकडींचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातून आणखी एक गोष्ट पुढे आली. ‘बरोबर’ पकड एकच नसते. तीन बोटांची, चार बोटांची, अंगठा थोडा आडवा टेकलेली, अशा काही वेगवेगळ्या पकडींनी निरोगी मुले काम करतात. ‘पेन्सिल अशीच धर’ म्हणत मुलाची बोटे हाताने वाकवणाऱ्या आईबापांनी हे जरूर वाचावे.

घाई का करू नये, याचे एक कारण क्ष-किरणांच्या फोटोत दिसते. मनगटात आठ छोटी हाडे असतात. मूल जन्मते तेव्हा ती सगळी कूर्चेची असतात, फोटोत मनगटाच्या जागी नुसती पोकळी दिसते. मग ती एकेक करून हाड बनत जातात. पहिली दोन काही महिन्यांतच दिसू लागतात, शेवटचे मात्र नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान कधीतरी. मुलाच्या हाडांचे वय ठरवायला डॉक्टर हाताचाच फोटो काढतात तो यासाठी. ज्युनिअर केजीत चार वर्षांच्या मुलाकडून दुरेघी वहीचे पानच्या पान ‘अ’ काढून घेतले जाते, तेव्हा हे मनगट डोळ्यांसमोर आणावे.

रंगांनी मुलांचा हात घडवण्याचा विचार युरोपात एकोणिसाव्या शतकात आकाराला आला. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेलने 1837 साली ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी संस्था काढली आणि 1840 मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिले. लाकडी ठोकळ्यांसारख्या त्याच्या ‘भेटी’ प्रसिद्ध आहेत. त्यांच्या जोडीला कागद विणणे, टोचकाम, शिवण, चौकटीच्या पाटीवर रेघा काढणे असे हातकामाचे उद्योग होते. चौकटीवर काढलेले चित्र शिस्तीचे होते, मुलाच्या मनातले नव्हे. हा आक्षेप पुढे त्याच्यावर पुष्कळ वेळा घेतला गेला.

मारिया माँटेसरी यांची वाट अधिक नेमकी होती. 1907 च्या जानेवारीत रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत त्यांचे पहिले बालगृह सुरू झाले. लिहिण्यात दोन वेगळी कामे असतात, हे त्यांनी ओळखले. एक, लेखणीवर ताबा. दुसरे, अक्षराच्या वळणाची आठवण. दुसऱ्यासाठी त्यांनी खरखरीत कागदाची अक्षरे केली, जी मूल दोन बोटांनी गिरवते. पहिल्यासाठी धातूचे दहा आकार केले: चौरस, आयत, त्रिकोण, वर्तुळ, लंबगोल वगैरे. मूल रंगीत पेन्सिलीने चौकटीच्या आतून एक रेघ काढते, मग आकार वर ठेवून दुसरी, आणि मधली जागा एकमेकींना समांतर रेघांनी भरते. सुरुवातीला रेघा हद्द ओलांडतात, हळूहळू आत येतात, जवळ येतात. कोणी टोकत नाही. मुलाला वाटते आपण रंग भरतोय. हाताचे चाललेले असते लिहिण्याचे शिक्षण. माझ्या मते रंगभरणाचा सगळ्यात नीट विचार केलेला वापर अजूनही हाच आहे, आणि आज वहीच्या दुकानात मिळणाऱ्या रंगवायच्या पुस्तकांशी त्याचे नाते दूरचे आहे.

ती पुस्तके आली व्यापारातून. न्यूयॉर्कच्या मॅक्लॉक्लिन ब्रदर्स या प्रकाशकांनी 1880 च्या सुमारास केट ग्रीनवेच्या चित्रांचे पुस्तक मुलांना रंगवायला काढले. तेव्हा कुंचल्याने रंगवायचे होते. 1903 साली क्रेयोलाची आठ मेणखडूंची पेटी पाच सेंटला मिळू लागली आणि रंगवणे पाण्याच्या वाटीशिवाय, सांडल्याशिवाय, कुठेही बसून करता येऊ लागले. आपल्याकडे 1931 साली दिगंबर परशुराम दांडेकर यांनी मुंबईत शाईपासून सुरुवात केली. त्या कॅमलिनचे रंग पुढे महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांच्या दप्तरात राहिले. उंटाचे चित्र असलेली रंगपेटी वाढदिवसाला मिळाली नाही, असा माझ्या वयाचा मराठी माणूस विरळाच.

रंगवायच्या पुस्तकांना सगळ्यात जोरदार विरोध झाला तो चित्रकलेच्या शिक्षकांकडून. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेकने 1897 साली मुलांचा कलावर्ग सुरू केला. मुलांना मोठ्यांचे चित्र उतरवायला लावू नये, त्यांचे चित्र त्यांना काढू द्यावे, असे त्याचे म्हणणे. त्याच व्हिएन्नातून 1938 नंतर अमेरिकेत गेलेल्या व्हिक्टर लोवेनफेल्डने 1947 च्या आपल्या पुस्तकात हे म्हणणे शास्त्रासारखे मांडले. त्याने दिलेले पक्ष्यांचे उदाहरण शिक्षकांच्या पिढ्यांना पाठ आहे. मूल आधी आपल्या मनाने पक्षी काढते, मग छापील वहीतले पक्षी रंगवते, आणि त्यानंतर त्याचा स्वतःचा पक्षी छापील पक्ष्यासारखा होतो. या विचाराला नंतर ऱ्होडा केलॉगने मोठे बळ दिले. मुलांच्या रेघोट्यांचा प्रचंड संग्रह तपासून तिने 1969 साली दाखवले, की मुले वाटेल तशा रेघा मारत नाहीत; वीस मूळ रेघोट्या आहेत आणि त्यांतूनच पुढे गोल, चौकोन, सूर्य, माणूस असे सगळे उगवते. तेव्हा ‘नुसत्या रेघोट्या मारतोय’ म्हणून मुलाच्या हातात छापील हत्ती देणाऱ्याने त्याचा अभ्यास मध्येच तोडलेला असतो.

आता या दोन बाजूंमध्ये आपण कुठे उभे राहायचे? माझे मत सांगतो. लोवेनफेल्ड कल्पनाशक्तीबद्दल बोलत होता आणि माँटेसरी हाताबद्दल. दोघांना एकाच प्रश्नाची दोन उत्तरे देणारे समजून आपण उगाच भांडण लावतो. छापील चित्र कल्पनेला काही देत नाही हे खरे, पण हाताला ते काही देऊ शकते, जर चित्र त्या हातासाठी बेतलेले असेल. बाजारातली बहुतेक चित्रे तशी नसतात. एका पानावर डोंगर, नदी, झोपडी, सूर्य, सहा बदके आणि गवताची पाती. साडेतीन वर्षांचा हात तिथे काय करणार? गिचमिड करतो, हिरमुसतो, आणि ‘मला येत नाही’ म्हणायला शिकतो.

आपल्याकडे हा विचार तसा नवा नाही. गांधीजींनी आत्मकथेत स्वतःच्या वाईट अक्षराबद्दल खंत व्यक्त केली आहे आणि मुलांना अक्षरांआधी चित्र काढायला शिकवावे, असे मत नोंदवले आहे. पाखरे, फुले ओळखावीत तशी मुलांनी अक्षरे आधी पाहून ओळखावीत आणि हात चित्रांवर तयार झाला की मग लिहावीत, हा त्यांचा क्रम. 1937 साली वर्ध्याला नई तालीमची मांडणी झाली तेव्हा हात हाच शिक्षणाचा पाया मानला गेला. शांतिनिकेतनमध्ये नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले देवीप्रसाद 1944 मध्ये सेवाग्रामला आले आणि तिथल्या मुलांबरोबर त्यांनी चित्रकलेचे जे काम केले, त्यातून पुढे ‘आर्ट : द बेसिस ऑफ एज्युकेशन’ हे पुस्तक झाले. मराठी शिक्षकाच्या कपाटात ते असायला हवे.

बालवाडीच्या बाबतीत मात्र आपला खरा वारसा बोर्डी आणि कोसबाडचा. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करत होत्या. त्याच काळात, 1926 साली, नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. 1945 साली ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले आणि त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. 1957 नंतर हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. परदेशी साधने महाग, आणि वारल्यांच्या मुलांना परकी. म्हणून शिंपले, बिया, पाने, खडे, काड्या, माती यांनाच त्यांनी साधन केले. बिया चिमटीत उचलणे, शिंपले ओळीत मांडणे, पाने दोऱ्यात ओवणे, गेरूने रेघा ओढणे, यांतून मुलांचे हात तयार होत. बाजूच्या पाड्यांवर बाया लग्नाच्या वेळी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत होत्या, टोक चेचलेल्या बांबूच्या काडीने.  त्रिकोण आणि गोल सरळ काडीतून येतात. बालवाडीतल्या रंगकामाबद्दल बोलताना आपण जर्मनी-इटलीपर्यंत जातो आणि डहाणू तालुका विसरतो, याचे मला नेहमी वाईट वाटते.

त्याहून जुनी गोष्ट धूळपाटीची. फळीवर धूळ पसरायची आणि बोटाने अक्षर काढायचे. पुसायला हाताचा एक फराटा पुरे. चुकीची खूण मागे राहत नाही, आणि धुळीत बोट ओढताना जो हलका अडथळा होतो त्यामुळे हाताला आपण कुठे चाललो आहोत ते कळते. दिवाळीत आजीशेजारी बसून रांगोळीची चिमूट सोडणारी पाच वर्षांची मुलगीही तोच व्यायाम करत असते: अंगठा, तर्जनी, मधले बोट, आणि धार किती सोडायची याचा अंदाज.

आणखी एक परंपरा दवाखान्यातून आली. भारतात ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण सुरू झाले ते मुंबईच्या केईएम रुग्णालयात, 1950 साली, कमला निंबकर यांच्या पुढाकाराने. त्या मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लुंडी. लग्नानंतर निंबकर झाल्या. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी उभी केलेली, मराठी वाचन-लेखन शिकवण्याच्या नव्या पद्धतींसाठी ओळखली जाणारी शाळा त्यांच्याच नावाने आहे, कमला निंबकर बालभवन. ऑक्युपेशनल थेरपिस्ट मुलाकडे पाहतो तो कामाच्या अंगाने. याला डबा उघडता येतो का, चेन लावता येते का, खडू किती वेळ धरवतो, धरताना खांदा वर चढतो का, जीभ बाहेर येते का. रंगवणे त्याच्यासाठी कला नाही आणि अभ्यासही नाही, ते मोजूनमापून दिलेले काम आहे. बालवाडीच्या बाईंना आणि चित्रकलेच्या सरांना जे दिसत नाही ते याला दिसते. हे ज्ञान दवाखान्याच्या खोलीतून बाहेर आले पाहिजे, ही माझी फार दिवसांची तक्रार आहे.

या पुस्तकाच्या दोघी लेखिकांपैकी एक बालवाडीत शिकवतात आणि दुसऱ्या थेरपिस्ट आहेत. त्यामुळे पुस्तकाचा सूर वेगळा लागला आहे. त्यांच्या पद्धतीचा एक नमुना देतो. मूल मुठीत खडू धरत असेल तर लेखिका मुलाला काही सांगत नाहीत, खडू मोडतात. जेमतेम दोन सेंटिमीटरचा तुकडा देतात. एवढा तुकडा मुठीत मावतच नाही. अंगठा आणि दोन बोटे आपोआप पुढे येतात. मनगट आत वळलेले असेल तर कागद टेबलावरून उचलून भिंतीवर, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला चिकटवतात. उभ्या पृष्ठभागावर रंगवताना मनगट मागे वळावेच लागते आणि खांद्यालाही काम मिळते. दाब कमी पडत असेल तर कागदाखाली खरखरीत पॉलिशपेपर ठेवतात. मेणखडू घासताना अडतो, आवाज येतो, आणि मूल आपसूक जोर लावते. दाब फार होऊन खडू सारखा मोडत असेल तर कागदाखाली जाड फडके. यात ‘नीट धर’, ‘जोरात दाब’ असे एकही वाक्य बोलावे लागत नाही.

साधनाबद्दलही त्या स्पष्ट आहेत. मेणखडू आणि तेलखडू कागदाला धरतात, हाताला जोर लावायला लावतात. रंगीत पेन्सिल त्याहून बारीक नियंत्रण मागते, म्हणून ती नंतर. स्केचपेन नुसते टेकवले तरी रंग येतो, त्यामुळे हाताला काही कामच उरत नाही, म्हणून त्यांनी ते पाच वर्षांपर्यंत वर्ज्य केले आहे. इथे माझे त्यांच्याशी पटत नाही. ज्या मुलाच्या हातात मुळातच ताकद कमी आहे, त्याला खडूने दहा मिनिटे घासूनही फिकट डाग दिसतो आणि ते खडू टाकून देते. अशा मुलाला स्केचपेनची गडद रेघ काढल्याचे समाधान मिळू द्यावे, ताकदीचे काम कणकेच्या गोळ्याकडे सोपवावे. लेखिकांनी माझा हा आक्षेप ऐकून घेतला आणि मजकूर तसाच ठेवला, ते त्यांच्या अनुभवाला धरून आहे.

मोबाइल आणि टॅबवरच्या रंगवण्याच्या खेळांबद्दल त्यांनी फारसे लिहिलेले नाही, आणि लिहिण्यासारखे फारसे नाहीही. काचेवर बोट टेकवले की हत्ती कानापासून शेपटीपर्यंत करडा होतो. हाताच्या दृष्टीने ते रंगवणे नव्हेच.

हे सगळे आताच का, याची काही कारणे आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एक सलग पायाभूत टप्पा मानला, 2021 मध्ये निपुण भारत अभियान सुरू झाले, 2022 मध्ये या टप्प्याचा अभ्यासक्रम आराखडा आला आणि पाठोपाठ ‘जादुई पिटारा’ ही खेळसाहित्याची पेटी. कागदावर तरी खेळ, माती, रंग यांना मान मिळाला. प्रत्यक्षात पालक वही तपासतात आणि शाळा पालकांना धरून चालतात. वहीत अक्षरे हवीत. म्हणून मूल साडेतीन वर्षांचे असताना ठिपके जोडून अक्षर गिरवायला बसते. गिरवण्याबद्दल 2012 सालचा, अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातला कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांचा एक प्रयोग इथे आठवण्यासारखा आहे. वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांनी काही अक्षरे ठिपक्यांवरून गिरवली, काही कळफलकावर टंकली, काही कोऱ्या कागदावर मनाने काढली. नंतर मेंदूचे स्कॅन घेतले, तेव्हा वाचनाशी निगडित भाग सगळ्यात जास्त जागे झाले ते मनाने काढलेल्या अक्षरांच्या बाबतीत. वेडेवाकडे, पण आपले. रंगाच्या पानांनाही हे लागू पडेल असे मी म्हणणार नाही, प्रयोग अक्षरांचा होता. पण ‘नीटनेटके म्हणजे शिकलेले’ ही आपली खात्री त्याने हलायला हवी.

शिवाय आपली लिपी वेगळी आहे. बाजारातल्या बहुतेक लेखनपूर्व वह्या रोमन अक्षरांसाठी केलेल्या असतात: एक गोल, एक काठी. देवनागरीला वरून खाली येणारा सरळ दंड लागतो, डावीकडून उजवीकडे जाणारी शिरोरेषा लागते, व-ब-क यांचा पोटगोल लागतो, म आणि भ यांची गाठ लागते, आणि इ, ह, झ, ळ यांच्यात हात एकाच अक्षरात दोनदा-तीनदा दिशा बदलतो. ल आणि श तर आपण मराठीत आपल्या वळणानेच लिहितो. पुस्तकातली चित्रे याचा विचार करून निवडलेली आहेत. चंद्रकोर आणि कैरी पोटगोलासाठी, शंख आणि जिलबी वळणासाठी, भेंडीच्या उभ्या शिरा दंडासाठी, पतंग तिरक्या रेघेसाठी, मोदकाच्या कळ्या अरुंद जागेसाठी. हद्दीची रेघ आधी बोटभर जाड, मग सुतळीएवढी, मग नेहमीची. मुले आकार कोणत्या क्रमाने काढू लागतात, त्याच क्रमाने पाने लावली आहेत: गोल साधारण तिसऱ्या वर्षी, अधिकचे चिन्ह चौथ्याच्या आसपास, चौकोन साडेचार-पाचला, त्रिकोण त्यानंतर, आणि शंकरपाळ्याचा आकार सहा-सातला. पाच वर्षांच्या मुलीला शंकरपाळे जमत नाही म्हणून क्लास लावणाऱ्या पालकांची कमी नाही, म्हणून हे सांगितले.

पुस्तकाचा एक भाग मला विशेष आवडला, तो रंगाबाहेरचा आहे. मटार सोलणे, शेंगा फोडणे, लसूण सोलून ठेवणे, ओला रुमाल पिळणे, कुंडीतली माती कालवणे, कपड्यांना चिमटे लावणे, कागद फाडून चिकटवणे. रंगवणे हा यांतला एक उद्योग आहे, यांच्या जागी बसणारा नाही, हे लेखिका ठिकठिकाणी बजावतात. रंगांच्या पुस्तकात रंग बाजूला ठेवायला सांगण्याइतका प्रामाणिकपणा फार थोड्या लेखकांत असतो.

डावखुऱ्या मुलांवरचे प्रकरण छोटे आहे, पण महत्त्वाचे. साधारण तीन ते पाच या वर्षांत मूल कोणता हात वापरणार ते पक्के होत जाते. आपल्या घरांत अजूनही डाव्या हातातला खडू काढून उजव्यात दिला जातो. तसे करू नये, कागद उलट्या बाजूला तिरका करून द्यावा, उजेड उजवीकडून यावा, आणि तेवढ्यावर थांबावे. पाच वर्षे उलटली तरी मूल मुठीतच खडू धरत असेल, पाच मिनिटांत हात दुखतो म्हणत असेल, एका बाजूचा हात वापरतच नसेल, तर रंगांची पाने वाढवून उपयोग नाही, थेरपिस्टकडे जावे. नजरही तपासून घ्यावी. पुस्तक उपचाराचा दावा करत नाही, हे बरे केले.

वाचकाला एक सुचवतो. आधी पाने फाडून मुलाला देऊ नका. पहिला भाग स्वतः वाचा, मग दोन-तीन दिवस मुलाला कोरा कागद आणि खडूचे तुकडे देऊन शेजारी नुसते बसा. खांदा, कोपर, मनगट, बोटे, दुसरा हात, याच क्रमाने पाहा. कुठले पान द्यायचे ते तुम्हाला आपोआप कळेल. अंगणवाडीच्या ताईंसाठी पाने झेरॉक्सला सोयीची, एका बाजूची छापली आहेत. झेरॉक्स परवडत नसेल तर हेच आकार फरशीवर ओल्या खडूने काढता येतात, तेही दाखवले आहे.

शेवटी एक विनंती पुस्तकाबाहेरची, पण याच विषयाची. दर गणेशोत्सवात आपली मंडळे रंगभरण स्पर्धा घेतात. हॉलमध्ये दोनशे मुले, छापील गणपती, मागे उभे राहून ‘बाहेर जाऊ देऊ नकोस’ म्हणणारे आईबाप, आणि रेघेच्या आत राहिलेल्याला पहिला नंबर. मोठ्या मुलांचे काय करायचे ते मंडळांनी ठरवावे. पाच वर्षांखालच्या गटाला मात्र छापील चित्र देऊ नका, मोठा कोरा कागद द्या. पालकांना बाहेर बसवा. नंबर काढू नका. आणि घरी जाताना प्रत्येक मुलाला जाड तेलखडूंची एक पेटी द्या. वर्गणीत एवढे सहज बसते.